डीएनए दुरुस्तीतला अचूकपणा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पॉलिमरेज बीटा या दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला चुकीचा न्यूक्लिओटाइड (डीएनए साखळीचा एक घटक) कापून काढता येत नाही. मग ते अचूक काम कसे करते?

उत्तर: आकार तपासून. बिघडलेला बेस (न्यूक्लिओटाइडमधले 'अक्षर': अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन किंवा सायटोसिन) काढल्यावर आणि साखळीला छेद दिल्यावर एकाच न्यूक्लिओटाइडची फट उरते. ३३५ अमिनो आम्लांचे हे एन्झाइम तिथे बसून नमुना-साखळी (समोरची साखळी, जिच्यावरून योग्य जोडीदार ठरतो) जवळजवळ ९० अंशांत वाकवते. योग्य न्यूक्लिओटाइड आला की एन्झाइमचा एक भाग त्यावर मिटतो. उघड्या स्थितीत एन्झाइममधले अ‍ॅस्पार्टेट १९२ हे अमिनो आम्ल (आकडा म्हणजे त्याचा क्रमांक) आर्जिनिन २५८ शी विद्युतभाराने जखडलेले असते. मिटताना फेनिलअ‍ॅलनिन २७२ मध्ये सरकते, अ‍ॅस्पार्टेट मोकळे होते आणि मॅग्नेशियमचे आयन धरायला तयार होते. त्याच वेळी आर्जिनिन २८३ नमुना-साखळीला येऊन टेकते. ते बदलून तिथे अ‍ॅलनिन घातले, तर चुका बऱ्याच वाढतात.

मिटणे हीच गाळणी आहे असे अनेकदा लिहिले जाते, ते अपुरे आहे. मिटणे पुष्कळ जलद होते. खरा फरक त्यानंतर पडतो: जोडी चुकीची असेल तर साखळीचे वाढणारे (३') टोक आणि न्यूक्लिओटाइडचा साखळीला जोडला जाणारा (अल्फा) फॉस्फेट नीट समोरासमोर येत नाहीत. जोडणी इतकी मंदावते की बहुतेक वेळा न्यूक्लिओटाइड त्याआधीच सुटून जातो. तरीही साधारण दहा हजार ते लाख जोडण्यांमागे एक चूक राहतेच.

प्रश्न: आकार जुळूनही चूक होऊ शकते का?

उत्तर: हो, आणि तीच जास्त घातक. नमुना-साखळीतला ग्वानिन ऑक्सिडीकरणाने ८-ऑक्सोग्वानिन झाला, की तो आपल्या बंधाभोवती उलटा फिरून थायमिनसारखा दिसू शकतो. मग समोर अ‍ॅडेनिन अगदी व्यवस्थित बसते आणि एन्झाइमला खोट सापडत नाही. हे अ‍ॅडेनिन काढायला म्यूटीवायएच हे वेगळे एन्झाइम लागते. ते निघून समोर सायटोसिन बसल्यावरच ओजीजी१ या एन्झाइमने ८-ऑक्सोग्वानिन कापावा. क्रम उलटला तर ग्वानिन-सायटोसिन (जी-सी) जोडीच्या जागी थायमिन-अ‍ॅडेनिन (टी-ए) कायमची बसते.

प्रश्न: या एन्झाइमच्या प्रयोगात मॅग्नेशियमऐवजी मॅंगनीज वापरणे का टाळतात?

उत्तर: मॅंगनीज जागेबाबत मॅग्नेशियमइतके काटेकोर नसते. तिरक्या बसलेल्या जोडीचीही जोडणी ते घडवते. अचूकता मोजताना बफरमध्ये (प्रयोगाच्या द्रावणात) मॅग्नेशियम क्लोराइड ५ ते १० मिलिमोलर ठेवावे. चारही न्यूक्लिओटाइड समान प्रमाणात घ्यावेत, कारण एखादा जास्त झाला तरी चुका वाढतात आणि दोष एन्झाइमवर येतो.