लेकराचा ताप मोजताना

ताई, कपाळावर धरायच्या गनवर फार विसंबू नका. परभणीच्या मे महिन्यात लेकरू उन्हातून आलं की कपाळ तापलेलंच असतं. घाम आला, कूलरचं वारं लागलं की आकडा खाली. आधी पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसवा. मग साधा डिजिटल थर्मामीटर कोरड्या काखेत, टोक कातडीला टेकवून, दंड अंगाशी धरून, बीप वाजेपर्यंत ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. बेरीज करत बसू नका, डॉक्टरांना ‘काखेत ९९.८’ असंच सांगा. पाऱ्याचा नकोच, फुटला की पारा वेचत बसा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ दिसला की रात्र असली तरी दवाखाना गाठा. आकडा कमी असून बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, तरीही.