माळ मोडून नेपियर लावू का?

प्रश्न: आमचा चार एकर जुना गवताळ माळ आहे. बायोगॅस प्रकल्पाचा माणूस म्हणतो, नांगरून नेपियर लावा, कापणी आम्ही नेऊ. गवत हवेतलाच कार्बन ओढतं, म्हणून हा गॅस पूर्ण निर्मळ. खरं आहे का?
– एक वाचक, ता. निलंगा

उत्तर: यातला ‘पूर्ण’ शब्द खोडा. गॅस जळताना निघणारा कार्बन गवताने हवेतूनच घेतलेला असतो, इथवर ठीक. पण गवताला खाऊ काय घालणार? नेपियर खादाड, दर कापणीला नत्र मागतं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असतं. त्यातलं टक्काभर नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा. उडालेल्या नत्राला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून वायूचं वजन नत्राच्या दीडपटीहून थोडं जास्त भरतं. म्हणजे एका गोणीमागे जवळजवळ 90 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं. युरिया बनवताना कारखान्यात जळलेला वायू वेगळाच.

माळाचं मला जास्त वाटतं. वर्षानुवर्षं मुळं कुजून मातीत साठलेला कार्बन नांगर लागला की हवेत जायला लागतो. जर्मनीत 2004 पासून बायोगॅसच्या पिकांना जादा दर मिळाला, मका पसरत गेला, गवताळ रानंही मोडली गेली. शेवटी 2012 मध्ये नव्या प्रकल्पांना मका आणि धान्यावर 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. तुमचा माळ मोडू नका. लावायचंच तर आधीच नांगरटीखाली असलेल्या, हलक्या, पडीक तुकड्यावर लावा आणि प्रकल्पाची स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेली पातळ राबडी, परत मागून घ्या, म्हणजे युरिया कमी लागेल.

आता स्लरीचं. आमच्या घरी वडिलांनी गोबरगॅस बांधला होता. मागच्या खड्ड्यात दुपारच्या उन्हात सायीवर बुडबुडे येऊन फुटायचे, आम्ही पोरं ते मोजत बसायचो. तो चुलीपर्यंत न पोचलेला मिथेन होता, हे मला कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळलं. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट भारी. मोठ्या प्रकल्पाचं तळं उघडं राहिलं, तर गवताने कमावलेलं तिथंच उडून जातं.

त्या माणसाला विचारा, आधी गावातलं शेण आणि साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, का नेत नाही? त्यासाठी नवी जमीन लागत नाही, वेगळं खतही घालावं लागत नाही. आणि सहीआधी प्रकल्पावर स्वतः जा. स्लरीचं तळं झाकलेलं आहे का, ते डोळ्यांनी बघून या.