सरासरीवर विसंबू नकोस

प्रिय,

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. ॲलिस स्प्रिंग्जला राहून मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांच्या उपजीविकेवर काम करणार, शिष्यवृत्तीही मिळाली, फार बरं वाटलं. वाचन भरपूर केलंयस, ते दिसतं. पण ‘मुख्य समस्या’ या मथळ्याखाली लोकांचं उत्पन्न अनियमित असल्याचं लिहिलंयस, तिथे मी अडखळलो. हे पत्र त्याबद्दलच आहे.

ॲलिसचा सरासरी पाऊस वर्षाला 280 मिलिमीटरच्या आसपास. आकडा बरोबर, उपयोग जवळपास शून्य. 2009 साली त्याच्या निम्माही पडला नाही आणि लगेच 2010 साली दुपटीहून जास्त पडला. तिथली झाडं, जनावरं, माणसं हजारो वर्षं या लहरीपणाशी जुळवून राहत आली आहेत. मार्क स्टॅफर्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने 2008 मध्ये वाळवंटी प्रदेशाची काही लक्षणं एकत्र मांडली: बेभरवशाचं हवामान, तुटपुंजी संसाधनं, विरळ वस्ती, बाजार आणि सत्ताकेंद्रं दूर. यातलं एक सुटं काढून दुरुस्त करता येत नाही, कारण ती एकमेकांत गुंतलेली असतात. तू मात्र अनियमितपणा तेवढा वेगळा काढून त्यावर उपाय शोधायला निघालीस.

बुश टोमॅटोचं उदाहरण घे. आपल्या वांग्याच्या आणि काटेरिंगणीच्या कुळातलं हे बुटकं झुडूप. फळं झुडपावरच वाळून मनुक्यांसारखी होतात. तिथल्या अन्मात्येर आणि अल्यावर या ॲबोरिजिनल समाजांच्या बायका ती पूर्वापार वेचतात, खातात, साठवतात आणि गेली काही दशकं विकतातही. पाऊस झाला, त्याआधी जमीन जळलेली किंवा उकरलेली असली, की पीक उदंड येतं. नाहीतर दोन-दोन वर्षं काही नाही. सॉस आणि चटण्या बनवणाऱ्यांना मात्र दर महिन्याला ठरावीक माल हवा असतो. मग कोणीतरी सुचवतं, शेतात लावूया, ठिबक घालूया. पुरवठा नियमित होतोही. पण ज्यांच्याकडे पाणी, भांडवल आणि रस्त्याजवळची जमीन आहे, त्यांच्या हाती तो धंदा जायला वेळ लागत नाही आणि वेचणाऱ्या बायका बाजूला पडतात. ॲलिसच्या डेझर्ट नॉलेज सहकारी संशोधन केंद्राने 2003 ते 2010 या काळात जी कामं केली त्यात हाही विषय होता. ती जरूर वाच. झुडपाच्या वाणांपेक्षा वेचणारणीपासून बाटलीपर्यंतच्या साखळीबद्दल जे लिहिलंय ते आधी वाच.

त्या बायकांच्या घरात पैसा एका वाटेने येत नाही. थोडा वेचणीचा, थोडा चित्रांचा, काही दिवस रेंजरच्या कामाचा, काही सरकारी भत्ता, आणि शिकारीचं मांस, जे तुझ्या उत्पन्नाच्या तक्त्यात येतच नाही. बाजार, सरकार आणि परंपरागत व्यवहार यांच्या मिश्रणाला अर्थशास्त्रज्ञ जॉन आल्टमन यांनी संकरित अर्थव्यवस्था म्हटलं. त्यांचं मूळ क्षेत्रकाम उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधलं, म्हणजे पावसाळी मुलखातलं, हे लक्षात ठेवून ते वाळवंटाला लाव. 1977 साली सुरू झालेली सीडीईपी ही सरकारी रोजगार योजना नकळत या मिश्रणाला पोषक ठरली. बेकारभत्ता वस्तीकडे एकत्र यायचा, त्यातून अर्धवेळ स्थानिक काम मिळायचं, उरलेला वेळ आपला. 2007 नंतर ‘खऱ्या नोकऱ्या’ हव्यात म्हणून ती टप्प्याटप्प्याने मोडली आणि 2015 पर्यंत संपली. जिथे नोकऱ्याच नव्हत्या तिथे लोक परत भत्त्यावर आले, वर हजेरीच्या अटी. तुझ्या आराखड्यातली ‘स्थिर रोजगार’ ही कसोटी त्याच विचाराची आहे. म्हणून इतकं टोचून लिहितोय.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातल्या मार्टू या ॲबोरिजिनल लोकांकडे बघ. 2002 साली ग्रेट सँडी आणि गिब्सन वाळवंटातल्या सुमारे 1,36,000 चौरस किलोमीटर जमिनीवर त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी कमी, वस्त्या मात्र मोजक्या. तिथल्या बायका थंडीत स्पिनिफेक्स गवताचे छोटे पट्टे पेटवून घोरपडीची बिळं शोधतात. (आपल्याकडे घोरपड मारणं गुन्हा आहे, तिथे त्यांचा तो हक्क आहे. हा फरक मनात पक्का कर, नाहीतर पहिल्याच जेवणाला तुझा चेहरा बोलेल.) रेबेका ब्लीग बर्ड आणि डग्लस बर्ड या मानवशास्त्रज्ञांनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करून 2013 मध्ये दाखवलं, की जिथे ही शिकार जास्त, तिथे घोरपडीही जास्त. छोट्या आगींमुळे वेगवेगळ्या वयाच्या गवताचे तुकडे तयार होतात आणि त्यांच्या कडेला घोरपडींना फावतं. शिकार बंद करून ‘संवर्धन’ केलं असतं तर दोन्ही गेलं असतं. हे निष्कर्ष प्रश्नावलीतून निघालेले नाहीत, रोज शिकारीबरोबर चालून निघालेत.

किंटोर, म्हणजे वालुंगुर्रू, ही वस्ती ॲलिसच्या पश्चिमेला सुमारे 500 किलोमीटरवर. पिंटुपी लोक 1981 मध्ये आपल्या मुलखात परतले तेव्हा वसलेलं. मूत्रपिंड निकामी झालं की डायलिसिससाठी ॲलिसला जाऊन कायमचं राहायचं, हाच मार्ग होता. त्यात चित्रकार होते, जाणती माणसं होती. 2000 साली ‘पापुन्या तुला’ या ॲबोरिजिनल कलासंस्थेच्या चित्रकारांनी चित्रं काढली, सिडनीत लिलाव झाला, दहा लाख डॉलरहून जास्त जमले. 2004 पासून किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झालं. त्या कामातून उभ्या राहिलेल्या संस्थेला आज पर्पल हाऊस म्हणतात. आता सांग, हा पैसा तुझ्या तक्त्यात कुठे बसेल? घरी राहता येणं हेच त्यांना विकत घ्यायचं होतं, आणि ती वृद्ध माणसं मुलखात आहेत म्हणून चित्रं आहेत, वेचणी शिकवणारं कोणी आहे. उपजीविकेचा अभ्यास करायचा तर हे धागे सोडून चालणार नाही.

उंटांचा विषय तू परिशिष्टात टाकलायस, राहू दे तिथेच. पण गंमत म्हणून सांगतो, 1860 साली मेलबर्नला गेलेले चोवीस उंट कराचीहून जहाजात चढले होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मोटारी आल्यावर मोकाट सुटलेल्या उंटांची पिल्लावळ एवढी वाढली, की 2009 ते 2013 या चार वर्षांत सरकारी प्रकल्पाने सुमारे 1,60,000 उंट कमी केले. सुरुवातीचा अंदाज दहा लाखांवर होता, नंतर तो बराच खाली आणावा लागला. एवढ्या मोठ्या मुलखात मोजणी हाच केवढा घोळ असतो, ते यावरून बघ.

आता तुझं वेळापत्रक. तीन वर्षांत महिनेवार कामं मांडलीयस. वस्तीत कोणी गेलं की शोकाचा काळ सुरू होतो, बैठका थांबतात, कधी आठवडे. रस्ते पुराने बंद होतात. विद्यापीठाकडून मुदतवाढीची लवचीकता आत्ताच लेखी घे. ॲबोरिजिनल जमिनींचं काम बघणाऱ्या लँड कौन्सिलचा परवाना आणि नैतिकता समितीची मंजुरी यांना प्रत्येकी काही महिने धर. एआयएटीएसआयएस या ॲबोरिजिनल अभ्यासाच्या राष्ट्रीय संस्थेची 2020 ची आचारसंहिता नीट वाच: गोळा केलेलं ज्ञान कोणाचं राहील आणि परत कोणत्या स्वरूपात जाईल, हे आधी ठरवावं लागतं. तुझ्याकडे गाडी असेल, म्हणजे तू आपोआप वस्तीची ड्रायव्हर होशील. त्याला वैतागू नकोस, बरंचसं कळेल ते गाडीतच. आणि थेट प्रश्नाला ‘हो’ आलं की लगेच लिहून घेऊ नकोस. पाहुणीला बरं वाटावं म्हणूनही ‘हो’ म्हणतात.

नवा मसुदा पाठवशील तेव्हा प्रश्नावली जोडू नकोस. ती तिथे बसून, त्यांच्याबरोबर होईल. आत्ता फक्त वेळापत्रक आणि अंदाजपत्रक पाठव. त्यात वस्तीतल्या सहसंशोधकांच्या तासाच्या मानधनाचा रकाना मी सगळ्यात आधी बघणार आहे.

सस्नेह