सोलर लावायच्या आधी सावली बघून घ्या भाऊ

भाऊ, सबसिडीचं नंतर बघा (३ किलोवॅटला ७८,००० मिळतात, ते ठीकच), आधी तुमच्या स्लॅबवर सावली कुठून कुठून येते ते बघा. आत्ता मे महिन्यात बघून काही उपयोग नाही, आपल्या नागपुरात आता दुपारी सूर्य पार डोक्यावर असतो, सावली दिसतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडं इतका खाली येतो की भर दुपारी पण टाकीची सावली टाकीच्या उंचीएवढी उत्तरेकडं पडते, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. म्हणजे दक्षिणेला शेजाऱ्याचा तिसरा मजला किंवा कडुनिंब असेल तर हिशोब बदलला.

आणि थोडीशीच सावली आहे ना, असं म्हणू नका. एका पॅनलमध्ये साधारण तीन बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढं नेणारे छोटे पार्ट) असतात, एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्या पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. सकाळी तासभर सावली असेल तर चालतं हो, पण दहा ते तीनमध्ये असेल तर टाकी हलवा, पॅनलचं स्ट्रक्चर उंच करा, नाहीतर ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टरचं (म्हणजे एका पॅनलवरच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसू नये म्हणून पॅनलला लावायची उपकरणं) कोटेशन मागा. झाडाची दाट सावली दिवसभर असेल तर मात्र त्यानंही काही होत नाही, तिथं पैसे घालू नका.