अक्कलदाढ काढायची आहे, पण धीर होत नाही

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची असून एका पतसंस्थेत नोकरी करते. माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी असल्याचे एक्स-रेमध्ये दिसले आहे आणि गेल्या आठ महिन्यांत तिथली हिरडी तीन वेळा सुजली. दर वेळी गोळ्यांनी सूज उतरते आणि मी दाढ काढणे पुढे ढकलते. मागच्या महिन्यात तारीख ठरली, दवाखान्यात जाऊन बसलेही. परंतु आतून मशीनचा आवाज आला आणि फोन आल्याचे निमित्त करून मी बाहेर पडले, ती थेट एस.टी. स्टँडवर जाऊन थांबले. चौथीत असताना माझी एक दाढ नीट बधिर न होताच काढली गेली होती. मी ओरडत होते आणि ‘झालं, झालं’ म्हणत माझे हात धरून ठेवले होते. घरचे म्हणतात, एवढ्याशा दाताला काय घाबरायचे? भीती वाटू नये यासाठी मी काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नात मी थोडा बदल सुचवते. भीती वाटू नये हे उद्दिष्ट ठेवले, तर खुर्चीत बसताना छाती धडधडली की तुम्हाला पुन्हा हरल्यासारखे वाटेल. भीती असतानाही दाढ निघावी आणि त्या वेळात तुमच्यावर जबरदस्ती होत आहे असे क्षणभरही वाटू नये, एवढे साधले तरी पुरेसे आहे. तुम्ही ‘एवढ्याशा दाताला’ घाबरत नाही. हात धरून ठेवलेल्या त्या मुलीची आठवण तुमच्यासोबत दवाखान्यात येते. घरच्यांना हे एकदा स्पष्ट सांगा.

दातांच्या उपचारांची भीती मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या मूळ प्रश्नावलीत १९९५ मध्ये सुधारणा होऊन ती सध्याच्या रूपात आली. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण असतात आणि एकूण बेरीज १९ किंवा त्याहून अधिक आली, तर भीती तीव्र समजतात. मला त्यातले पहिले दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात : उद्या दंतवैद्याकडे जायचे असेल तर आज काय वाटते, आणि बाहेर नंबरची वाट बघताना काय वाटते. म्हणजे कोणीही तोंडाला हात लावण्यापूर्वीच भीतीचा मोठा भाग येऊन गेलेला असतो. तुमच्या बाबतीत तर तो बाकावरूनच उठवून घेऊन गेला. त्यामुळे पहिला उपाय साधा आहे : सकाळचा पहिला नंबर घ्या, वेळेवर जा आणि थेट आत जा. बाहेर अर्धा तास बसून दुसऱ्याच्या दाढेवर चाललेली मशीन ऐकण्याची काही गरज नाही.

तो आवाज कशाचा होता, हेही सांगते. आडवी दाढ अख्खी ओढून काढायची तर भोवतालचे हाड बरेच काढावे लागते. म्हणून दाढेचेच दोन-तीन तुकडे करून ते एकेक करून बाहेर काढतात. मशीन चालते ती प्रामुख्याने यासाठी. तुमच्या स्वतःच्या तोंडात तो आवाज बाहेरच्यापेक्षा मोठा वाटेल, कारण तो जबड्याच्या हाडातून थेट कानापर्यंत पोहोचतो. एखाद्या क्षणी ‘कट्’ असा आवाजही येतो आणि जबडा मोडला की काय, असे पेशंटला वाटते. तो दाढेचा तुकडा सुटल्याचा आवाज असतो. विद्यार्थिदशेत माझी स्वतःची अक्कलदाढ काढली, तेव्हा हे सारे पाठ असूनही त्या आवाजाला माझ्या पायाची बोटे चपलेत आवळली गेली होती. दुखले मात्र नव्हते.

आता इंजेक्शनविषयी. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या आतल्या बाजूला, मुख्य नस हाडात शिरते त्याच्या जवळ ते देतात. काही मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ जाड झाल्यासारखा वाटू लागतो, जीभही जड होते. औषधात बहुधा अल्प प्रमाणात अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असते, त्यामुळे इंजेक्शननंतर मिनिटभर छातीत धडधडू शकते. भित्रा माणूस ती धडधड आपल्या भीतीचीच समजतो आणि आणखी घाबरतो. ती औषधाचीही असू शकते आणि ती लगेच ओसरते, हे आधी ठाऊक असलेले बरे. त्यानंतर डॉक्टर टोकदार उपकरणाने हिरडी टोचून विचारतील. तेव्हा खरे उत्तर द्या. अर्धवट बधिर असताना ‘चालेल’ म्हणणे हा सभ्यपणा इथे उपयोगाचा नाही; आणखी औषध देता येते.

बधिर झाल्यावरही दाब आणि ढकलल्यासारखे जाणवत राहतेच. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू औषधाने लवकर बंद पडतात, स्पर्श आणि दाब कळवणारे जाड तंतू मात्र बरेचदा थोडेफार जागे राहतात. ‘काहीच कळणार नाही’ असे ज्यांना सांगितलेले असते, ते पहिल्याच दाबाला दचकतात, कारण त्यांना वाटते की भूल चढलेलीच नाही. म्हणून दाब कळेल, टोचणे कळणार नाही, एवढा फरक मनाशी पक्का करून जा.

चौथीतल्या त्या दाढेचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येतो. दात ठणकत असताना, पू झालेला असताना तिथली पेशीरचना आम्लधर्मी होते आणि भुलीचे औषध नीट काम करत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे बहुतेक माणसे दाढ ठणकायला लागल्यावरच धावतात आणि सूज उतरली की विसरतात. तुम्ही नेमके उलटे करा. सूज पूर्ण उतरलेली आहे, काही दुखत नाही, अशा आठवड्यात तारीख घ्या.

त्याआधी एकदा नुसते भेटायला जा आणि चौथीतली गोष्ट डॉक्टरांना सांगा. डावा हात वर केला की काम थांबेल, असे ठरवून घ्या आणि इंजेक्शनच्याही आधी एकदा विनाकारण हात वर करून ते खरोखर थांबतात का ते बघा. ही तुमची खोडी नव्हे. ज्या मुलीचे हात धरून ठेवले होते, तिला आज हात उचलता येतो हे कळायला हवे. या विनंतीवर कोणी वैतागले, तर बेलाशक दुसरा दवाखाना गाठा.

एवढे करूनही जमणार नसेल, तर गुंगी देऊन दाढ काढता येते. आदल्या रात्री घ्यायची गोळी, नायट्रस ऑक्साइड वायू, शिरेतून दिलेले औषध किंवा रुग्णालयात पूर्ण भूल, असे पर्याय डॉक्टर प्रकृती बघून ठरवतात. यात कमीपणा नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य हॉरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी तोच वायू हुंगून स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली होती. गोळी मात्र शेजारणीच्या डब्यातली घेऊ नका, आणि गुंगीनंतर गाडी न चालवता कोणाला तरी सोबत घेऊन परत या. ‘काय घाबरायचे’ म्हणणारी व्यक्ती शक्यतो सोबत नको.

नंतरच्या दिवसांबद्दल थोडक्यात. गालाची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरते. ती वाढली म्हणून घाबरून जाऊ नका. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, शेक देऊ नका. जोरात चूळ भरणे, थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळा, कारण खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हीच तिथली मलमपट्टी असते. गार ताक, मऊ भात, पातळ खिचडी चालेल. ठेचा आठवडाभर विसरा. कमी झालेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढून कानापर्यंत ठणका गेला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, ताप आला, अथवा ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही गेला नाही, तर फोन करून लगेच दाखवा.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा सुई किंवा रक्त दिसले की चक्कर येऊन पडतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या दोन अक्कलदाढा काढायच्या आहेत. तो शांत राहावा म्हणून त्याच्याकडून रोज दीर्घ श्वसन करून घेत आहे. ते पुरेसे होईल का?
– एक आई, नागपूर

उत्तर : इतरांसाठी दीर्घ श्वसन उत्तम आहे, तुमच्या मुलासाठी मात्र तेवढ्यावर भागणार नाही. नुसत्या भीतीत रक्तदाब वाढतो. रक्त बघून पडणाऱ्या माणसाचा तो आधी थोडा वाढून मग एकदम खाली येतो, आणि अशा वेळी अंग सैल सोडणे त्याला मदत करत नाही. त्याला उलट शिकवायला हवे. दंड, मांड्या आणि पोट एकाच वेळी घट्ट आवळून, चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंद, तसेच धरायचे, मग नेहमीसारखे व्हायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवळायचे. दिवसातून काही वेळा, पाच-पाच फेऱ्या करून घ्या. इंजेक्शनच्या वेळी ज्या दंडाला सुई नाही, तो आवळता येतो. दाढेच्या बाबतीत तर दोन्ही हात मोकळेच असतात. जबडा आणि मान मात्र सैल ठेवायची.

चक्कर येण्याची सवय डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते खुर्ची आडवी करूनच इंजेक्शन देतील. फक्त जागा बधिर करून काढणार असतील, तर त्याला पोहे-उपमा असे काहीतरी खाऊ घालूनच न्या, कारण रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते. पूर्ण भूल किंवा शिरेतून गुंगी देणार असतील, तर उपाशी राहण्याच्या वेळा डॉक्टर देतील, त्या काटेकोर पाळा. आणि ‘एवढा मोठा घोडा झालास’ हे वाक्य घरात कोणी म्हणू नये, याची जबाबदारी तुम्ही घ्या.

प्रश्न : वय ५८. वरची अक्कलदाढ किडली आहे. वरची दाढ काढली की नजर कमी होते, असे पत्नीचे म्हणणे असल्याने मन धजावत नाही. शिवाय मी रक्त पातळ होण्याची गोळी घेतो आणि मला मधुमेह आहे. गोळी चार दिवस आधी बंद करू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मेंदूशी थेट जोडलेल्या नसांना क्रमांक दिलेले आहेत; त्यांत दाढेतील संवेदना मेंदूकडे नेणारी नस पाचवी आणि डोळ्याने दिसण्याची नस दुसरी, दोघींचा मार्ग वेगळा आहे. वयाच्या ज्या टप्प्यावर दाढा काढाव्या लागतात, त्याच टप्प्यावर चाळशी आणि मोतीबिंदूही येतात, त्यातून हा समज रुजला असावा. तुमच्या डोळ्यांना खरा धोका अनियंत्रित साखरेचा आहे.

गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. हिरडीतून येणारे रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते. गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली, तर ती तशी थांबवता येत नाही. ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांचे आणि दंतवैद्यांचे बोलणे करून द्या. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट पिशवीत घाला. पत्नीलाही सोबत न्या आणि डोळ्यांची शंका त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.