मोडीचं सोनं आणि हक्काचा भाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न वापरलेले दागिने मोडायचे आहेत. तीन दुकानांत दाखवले, तर तिघांनी तीन वेगळ्या रकमा सांगितल्या. योग्य रक्कम कोणती, हे कसं ओळखायचं?

उत्तर : मोडीची रक्कम तीन आकड्यांतून तयार होते : वजन, कस (म्हणजे त्यात शुद्ध सोनं किती) आणि त्या वेळचा शुद्ध सोन्याचा दर. दुकानदार थेट शेवटची रक्कम सांगतो, तेव्हा या तिन्हींपैकी नेमकं काय कमी धरलंय ते झाकलं जातं. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे विचारा आणि समोर लिहून घ्या.

त्याआधी घरी हिशोब करा. शुद्ध सोनं २४ कॅरेटचं. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५ आणि ९ म्हणजे ३७५. या आकड्याचा शिक्का साखळीच्या फाशाजवळ किंवा अंगठीच्या आतल्या बाजूला असतो. तो बारीक असतो, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. समजा, १८ कॅरेटची साखळी २४.६० ग्रॅम भरली. २४.६० गुणिले ०.७५० म्हणजे १८.४५ ग्रॅम शुद्ध सोनं. याला शुद्ध सोन्याच्या ग्रॅमच्या दराने गुणलं की धातूची पूर्ण किंमत मिळते. आता प्रत्येक दुकानाने सांगितलेल्या रकमेला या किमतीने भागा आणि शंभराने गुणा. तिन्ही दुकानं एकाच मापात येतील.

शंभर टक्के कोणी देणार नाही. आटवणं, शुद्ध करणं आणि दुकानदाराचा नफा त्यातूनच निघतो. आमच्या मते नव्वदच्या वरचा टक्का चांगला आणि ऐंशीच्या खाली गेला तर दागिना उचलून बाहेर पडावं. जुन्या खरेदीच्या पावतीशी मात्र तुलना करू नका. तीत घडणावळ धरलेली असते आणि मोडीत ती परत मिळत नाही.

एककांत दोन खड्डे आहेत. आंतरराष्ट्रीय दर ट्रॉय औंसाचा, म्हणजे मौल्यवान धातूंसाठीच्या वेगळ्या औंसाचा असतो आणि तो औंस ३१.१०३५ ग्रॅमचा. त्या दराला नेहमीच्या औंसाच्या २८.३५ ग्रॅमने भागलं, तर तुमची अपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी फुगते आणि मग प्रामाणिक सराफही चोर वाटू लागतो. दुसरा खड्डा जास्त वाईट. काही काटे पेनीवेटमध्येही मोजतात. एक पेनीवेट म्हणजे १.५५५ ग्रॅम. काटा पेनीवेटवर ठेवून दर ग्रॅमचा लावला, तर सोन्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग बिनपैशाचा जातो. काट्यावर आकड्याशेजारी कोणतं एकक दिसतंय ते वाचा. दागिना ठेवण्याआधी काटा शून्यावर हवा आणि वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत दिसायला हवं.

प्रश्न : यंत्राने २२ कॅरेट दाखवलं, पण आटवल्यावर २० भरलं. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. दुकानातलं क्ष-किरण यंत्र दागिना न मोडता कस सांगतं, पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं, मिलिमीटरच्या काही शतांश भागांपर्यंत. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. जाड मुलामा असेल तर आकडा वर जातो. घडवताना दागिना आम्लात उजळतात, तेव्हा वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि तो थर आतल्या धातूपेक्षा चोख होतो.

खरी मेख बहुतेक वेळा डाखात, म्हणजे सांधे जोडणाऱ्या धातूत असते. सांधायचा धातू दागिन्याच्या आधी वितळायला हवा, म्हणून तो पुष्कळदा कमी कसाचा वापरतात. बारीक कड्यांच्या साखळीत सांधेच शेकड्यांनी. आटवल्यावर तो सगळा डाख सोन्यात मिसळतो आणि सरासरी कस उतरतो. त्यामुळे यंत्राचं वाचन एका जागी घेऊ नका. एक सपाट भागावर, एक सांध्यापाशी आणि एक कानशीने खोल खाच पाडून आत, असं घ्यायला सांगा. कसोटीच्या दगडावर आम्लाने तपासत असतील, तरी आधी खाच पाडून तिथला धातू दगडावर घासायला लावा.

वजनाची घट आणि कसाची घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. आटवताना मळ, लाख, मीना जातो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, सोनं वितळतं १०६४ अंशांना, म्हणून डाखातलं थोडं जस्तही उडतं. मळ गेला तर धातूचा कस तोच राहतो. जस्त-तांबं जळलं तर कस किंचित वाढतो. जळण्यामुळे कस कधीच उतरत नाही. कस उतरला, तर आधीचं वाचन वरवरचं होतं. कस तसाच राहिला आणि भरीव, स्वच्छ दागिन्याचं वजन मात्र बरंच कमी भरलं, तर मुशीत, म्हणजे सोनं आटवायच्या भांड्यात बघा. आटवताना घातलेल्या टाकणखाराची काच होते आणि तीत सोन्याचे मणी अडकून राहतात. ते काढून द्यायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आटवण्याला होकार देण्याआधी वजन, वाचनं, टक्का आणि व्यवहार न झाल्यास आटवण्याचा खर्च किती, हे लिहून घ्या. आटणी नजरेसमोर व्हावी. भाव पटला नाही तर गोळा घेऊन परत जाता आलं पाहिजे.

प्रश्न : अंगठीत खडे आहेत. त्यांचं वजन कसं धरतात?

उत्तर : खड्यांचा कॅरेट हे वजनाचं माप आहे, पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. ६.२० ग्रॅमच्या अंगठीत साडेचार कॅरेटचे खडे असतील, तर ०.९० ग्रॅम वजा होऊन धातू ५.३० ग्रॅम उरतो. अंदाजाने वजावट करू देऊ नका. खडे काढून नुसता धातू तोलायला लावा आणि खडे परत घ्या. अगदी बारीक हिऱ्यांना मोडीत बहुधा काहीच मिळत नाही. मोठा हिरा असेल तर तो रत्नपारख्याला वेगळा दाखवा. पाचू, ओपल, मोती आचेने बिघडतात, ते हत्यारानेच काढावेत. नामांकित कारागिराची खूण असलेला किंवा खूप जुना दागिना तर आटवूच नका. त्याची किंमत धातूपेक्षा जास्त असू शकते, ती जुन्या दागिन्यांच्या जाणकाराकडून ठरवा.

प्रश्न : विकण्याआधी दागिने चकाकवून घ्यावेत का?

उत्तर : नको. पॉलिशमध्ये सोनं झिजतं. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे, मग पूर्ण वाळवा. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, कमी कॅरेटच्या मिश्रधातूला ते खातं. त्याऐवजी दागिन्यांचे कॅरेटनुसार वेगळे ढीग करा. सगळं एकत्र तोललं की भाव सर्वांत हलक्या कसाचा लावला जातो.

प्रश्न : साखळीचा फासा चुंबकाला चिकटतो. साखळी खोटी आहे का?

उत्तर : फाशात पोलादी स्प्रिंग असते, ती चिकटणारच. बाकीची साखळी चिकटली तर शंका घ्या. शिक्के नीट वाचा. सोनेरी दागिन्यावर ९२५ असेल तर आत चांदी आहे. ‘जीपी’ किंवा ‘एचजीई’ म्हणजे मुलामा. ‘१/२०, १२ कॅरेट, जीएफ’ म्हणजे वजनाच्या विसाव्या भागाइतकं बारा कॅरेट सोनं, म्हणजे शुद्ध फक्त अडीच टक्के.

प्रश्न : पार्सलने सोनं मागवून घेणाऱ्यांना पाठवावं का?

उत्तर : टक्का आधी लेखी सांगत असतील तरच. प्रत्येक दागिन्याचा काट्यावर ठेवलेला, आकडा दिसणारा फोटो काढा. विमा तुमच्या हिशोबातल्या पूर्ण किमतीचा हवा. सोनं पोचल्यावर नकार द्यायला किती दिवस मिळतात, तोवर ते न आटवता ठेवतात का आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे पाठवण्याआधी विचारा. काही जण ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती धरतात आणि सोनं आटवून टाकतात.