पहिला एचटीसी व्हाइव्ह सोडून मेटा क्वेस्ट 3 घेतल्यास नेमके काय बदलते?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतला आहे : 2016 साली आलेला पहिला एचटीसी व्हाइव्ह, म्हणजे संगणकाला जोडून डोळ्यांवर चढवायचा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट, तुमच्याकडे आजही सुरळीत चालतो, स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेले बरेच खेळ आहेत, आता भाड्याच्या घरात राहायला जायचे असून तिथे भिंतीला भोके पाडायची परवानगी नाही, आणि म्हणून क्वेस्ट 3 घ्यावा का व घेतल्यास काय हातचे जाईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी पुण्यात राहतो. व्हाइव्हची भारतात अधिकृत विक्री 2017 मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी मी तो घेतला, सात वर्षे वापरला आणि 2024 मध्ये क्वेस्ट 3 कडे वळलो. माझा वापर मुख्यतः टेबल टेनिससाठी असतो, त्यामुळे हाताची हालचाल किती अचूक आणि किती तत्परतेने दिसते याकडे माझे लक्ष इतरांपेक्षा जरा अधिक असते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

माझे मत बदलाच्या बाजूचे आहे. मात्र दोन्ही हेडसेटच्या पिक्सेलचे आकडे शेजारी मांडून हा निर्णय घेऊ नये. खरा फरक दोन गोष्टींत आहे : तुमचे हात कुठे आहेत हे कोण ओळखते, आणि डोळ्यांसमोरचे चित्र कुठे तयार होऊन कोणत्या वाटेने येते.

व्हाइव्हच्या पद्धतीचे लाइटहाउस, म्हणजे दीपगृह, हे नाव अगदी समर्पक आहे. खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावलेली दोन बेस स्टेशन काहीही पाहत नाहीत. ती फक्त अवरक्त प्रकाशाचा एक झोत सगळीकडे टाकतात आणि त्यानंतर लेझरची रेषा खोलीभर आडवी व उभी फिरवतात. हेडसेटवर 32 आणि प्रत्येक कंट्रोलरवर 24 प्रकाशसंवेदक असतात. झोत आणि रेषा यांच्यामध्ये किती वेळ गेला, त्यावरून प्रत्येक संवेदक बेस स्टेशनशी किती अंशांचा कोन करतो ते कळते आणि त्यातून तुमची जागा ठरते. म्हणूनच खोलीत मिट्ट काळोख असला, हात पाठीमागे गेला किंवा कंट्रोलर कानाजवळ आला, तरी व्हाइव्ह सहसा चुकत नाही, कारण दोनपैकी एका कोपऱ्यातून प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचतोच. या खात्रीची किंमत म्हणजे दोन उंच जागा, दोन स्वतंत्र प्लग पॉइंट, न हलणारा आधार आणि कपाटाच्या आरशावर टाकलेली चादर. आरशावरून परतलेला लेझर संवेदकांना फसवतो, आणि आपल्याकडच्या शयनकक्षांत आरशाचे कपाट नसणे हाच अपवाद असतो.

क्वेस्टमध्ये हे सगळे उलट आहे. तिथे हेडसेटच खोलीकडे पाहतो. त्याच्यावरील चार कॅमेरे दाराच्या कडा, टेबलाचे कोपरे, भिंतीवरची चित्रे अशा खुणा टिपून स्वतःची जागा ठरवतात आणि कंट्रोलरमध्ये बसवलेले अवरक्त दिवे पाहून हात ओळखतात. कंट्रोलर कॅमेऱ्यांच्या टापूबाहेर गेला, की त्याच्या आतील गतिसंवेदकांच्या आधारे पुढच्या क्षणापुरता अंदाज बांधला जातो. टेबल टेनिसच्या फोरहँडमध्ये हात मागे जाऊन लगेच पुढे येतो, त्यामुळे तिथे हा अंदाज पुरतो. एखाद-दुसरा फटका सोडला तर मला उणीव जाणवलेली नाही. धनुष्यबाणाच्या खेळात मात्र प्रत्यंचा ओढलेला हात कानाशी थोडा वेळ स्थिर राहतो, आणि तेथे व्हाइव्हची सवय असलेल्या माणसाला फरक कळतोच. तुमच्या आवडीचे खेळ या प्रकारचे असतील, तर तेवढी तयारी मनाशी ठेवा. शिवाय खोलीत उजेड हवा. कोऱ्या पांढऱ्या भिंतींच्या रिकाम्या खोलीतही कॅमेऱ्यांना धरायला खुणा मिळत नाहीत. भाड्याच्या नव्या घरात सामान लागेपर्यंत असे होऊ शकते, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली दोन-तीन चित्रेसुद्धा तेथे कामाला येतात.

आता चित्राची वाट. माझ्या मते हाच या बदलातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. व्हाइव्हमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी 1080 गुणिले 1200 पिक्सेल, सेकंदाला 90 फ्रेम आणि प्रत्येक पिक्सेलचे 24 बिट असा हिशेब केला, तर सेकंदाला साधारण 5.6 गिगाबिट माहिती होते, आणि ती एचडीएमआय केबलमधून जशीच्या तशी डोळ्यांपर्यंत येते. क्वेस्ट 3 मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी 2064 गुणिले 2208 पिक्सेल आहेत. त्याच हिशेबाने सेकंदाला जवळजवळ 20 गिगाबिट होतात. घरातल्या वाय-फायवरून प्रत्यक्षात 100 ते 200 मेगाबिटच पाठवले जातात, म्हणजे संगणकाने तयार केलेले चित्र सुमारे शंभर ते दोनशेपट दाबून पाठवले जाते आणि हेडसेटमध्ये पुन्हा उलगडले जाते. यूएसबी केबल लावली की हे दाबणे थांबते असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. क्वेस्टला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची जोडणीच नाही; केबलमधूनही दाबलेला व्हिडिओच जातो, फक्त वाट अधिक स्थिर असते.

याचे दोन परिणाम दिसतात. धूर, पाऊस, दाट पाने, अंधारातील भिंती अशा दृश्यांत बारीक तपशील थोडा गढूळ होतो. हा पहिला परिणाम बहुतेकांना सहन होण्याजोगा आहे. दुसरा परिणाम उशिराचा आहे, कारण दाबणे, पाठवणे आणि उलगडणे या तिन्हींना काही मिलिसेकंद लागतातच. साहसी खेळात किंवा विमान चालवताना तो मला जाणवत नाही. टेबल टेनिसमध्ये मात्र, चेंडू बॅटला लागल्याचे डोळ्यांनी पाहणे आणि हाताला ते कळणे यांत बारीकशी फट पडल्यासारखे वाटते आणि फटका किंचित उशिरा बसतो. ‘इलेव्हन टेबल टेनिस’ मी स्टीमवर आधीच घेतले होते, तरीही ते क्वेस्टसाठी पुन्हा विकत घेतले, कारण तेथे खेळ हेडसेटमध्येच चालतो आणि ही फट राहत नाही. हा दुहेरी खर्च मला योग्य वाटला. अचूक वेळेवर अवलंबून असलेले जे एक-दोन खेळ तुम्ही रोज खेळता, तेवढ्यांसाठीच तो करावा, बाकीचे संगणकावरूनच चालवावेत.

संगणकावरचे खेळ वाय-फायवरून हेडसेटमध्ये आणणारे अ‍ॅप लागते. स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, 2023 च्या अखेरीस क्वेस्टसाठी आणलेले स्टीम लिंक विनामूल्य आहे. व्हर्च्युअल डेस्कटॉप हे दुसरे अ‍ॅप विकत घ्यावे लागते, परंतु उशीर नेमका कुठे होतो, म्हणजे खेळात, दाबण्यात, वाय-फायमध्ये की उलगडण्यात, हे ते वेगवेगळे दाखवते आणि सुरुवातीला हीच माहिती फार उपयोगी पडते. संगणक राउटरला तारेने जोडलेला हवा, राउटर खेळण्याच्याच खोलीत हवा आणि 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हेडसेटशिवाय दुसरे उपकरण शक्यतो नको. मी घरच्या इंटरनेटचा राउटर तसाच ठेवून केवळ हेडसेटसाठी वेगळा राउटर घेतला, आणि चित्र अधूनमधून अडखळत होते ते बंद झाले. ग्राफिक्स कार्डाचाही विचार करा, कारण क्वेस्टच्या पडद्यांवर व्हाइव्हच्या साडेतीनपट पिक्सेल आहेत. व्हाइव्हसोबत 2016 मध्ये घेतलेले जीटीएक्स 970 सारखे कार्ड अजून वापरात असेल, तर हेडसेट बदलल्याचा पुरता लाभ संगणकाच्या बाजूने मिळणार नाही.

लेन्सच्या बाबतीत मात्र मागे वळून पाहण्यासारखे काहीच नाही. व्हाइव्हच्या वर्तुळाकार खाचांच्या फ्रेनेल लेन्समध्ये काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाची वर्तुळे पसरत आणि मधला भागच स्पष्ट दिसे. क्वेस्ट 3 च्या पॅनकेक लेन्समधून कडेपर्यंत स्वच्छ दिसते, मान न वळवता केवळ नजर फिरवून वाचता येते. एक गोष्ट तेवढी हरवते : व्हाइव्हच्या ओएलईडी पडद्यावर काळा रंग खरोखर काळा होता, क्वेस्टच्या एलसीडी पडद्यावर तो राखाडीकडे झुकतो. अंतराळातले किंवा भयकथेतले खेळ आवडत असतील, तर पहिले काही दिवस हे खुपेल.

स्टीमवरील तुमचे खेळ तुमचेच राहतात, कारण क्वेस्ट जोडल्यावर स्टीमव्हीआरला, म्हणजे स्टीमवरचे व्हीआर खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो दुसऱ्या हेडसेटसारखाच दिसतो. व्हाइव्हच्या कंट्रोलरवर अंगठ्याखाली गोल टचपॅड होता, क्वेस्टच्या कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायची छोटी काठी आहे; त्यामुळे काही जुन्या खेळांत बटणांची मांडणी स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः लावावी लागते. मेटाच्या दुकानातून घेतलेले खेळ मात्र मेटाच्याच खात्याशी बांधलेले राहतात, म्हणून पुढे पुन्हा हेडसेट बदलण्याचा विचार असेल, तर संगणकावर चालणारा प्रत्येक खेळ स्टीमवरच घ्यावा. क्वेस्ट वापरण्यासाठीची फेसबुक खात्याची सक्ती 2022 मध्ये संपली. आता मेटा खाते पुरते.

अंगावर वागवायच्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगतो. क्वेस्ट 3 चे वजन 515 ग्रॅम आहे आणि सोबत येणारा मऊ पट्टा ते सगळे गालांवर टाकतो, त्यामुळे मागे बॅटरी असलेला घट्ट पट्टा घेणे जवळपास आवश्यक आहे. त्याने तोलही सावरतो आणि दोन तासांच्या आसपास संपणारी बॅटरीही वाढते. वीज गेली तरी हेडसेटमधला खेळ चालू राहतो, हे सुख व्हाइव्हला नव्हते. मी घेतला तेव्हा क्वेस्टची भारतात अधिकृत विक्री नव्हती आणि माझा संच मावसभावाने अमेरिकेहून आणला. तुम्ही आयात करणाऱ्या विक्रेत्याकडून घेणार असाल, तर बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे आधी लेखी घ्यावे.

दुसरीही एक वाट आहे. बेस स्टेशन आणि कंट्रोलर तेच ठेवून फक्त हेडसेट बदलता येतो. 2023 मध्ये आलेला बिगस्क्रीन बियाँड केवळ 127 ग्रॅमचा आहे आणि तो याच दीपगृहांवर चालतो. परंतु त्याची किंमत 999 डॉलर होती, क्वेस्ट 3 ची सुरुवातीची किंमत 499 डॉलर. शिवाय बेस स्टेशनचा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्या प्रश्नाबद्दल मात्र तुम्हाला एक गोष्ट पैसे खर्च करण्याआधीच सांगायला हवी. व्हाइव्हच्या बेस स्टेशनला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा नेहमीचा आटा असतो. फोटोग्राफरकडचे दोन उंच स्टँड मिळाले, तर भिंतीला एकही भोक न पाडता नव्या घरात व्हाइव्ह उभा राहतो. आधी महिनाभर तसे वापरून पाहा. त्या काळात स्टँड, आरसा आणि केबल यांचा रोज त्रास होऊ लागला, तर क्वेस्ट घ्या. व्हाइव्ह विकायचा असल्यास, पायांची हालचाल टिपण्यासाठी पायाला बांधायचे ट्रॅकर तुमच्याकडे असतील तर बेस स्टेशन मात्र ठेवून घ्या, कारण जागा जुळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ते क्वेस्टसोबतही वापरता येतात.